केसपेपरवर खरे कारण लिहून घ्या



या पानावर आपण बीपी, साखर, अंगावरून जाणे, पोरांचे जुलाब याबद्दल बोलत आलो. या वेळचे दुखणे असे आहे की ते घेऊन बाया दवाखान्यात येतात, पण त्याचे नाव सांगत नाहीत. हात मोडलेला असतो, ओठ फुटलेला असतो, कानातून पाणी येत असते. कारण विचारले की उत्तर ठरलेले: "मोरीत घसरले."

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. कॅज्युअल्टीत रात्रपाळी होती. साधारण पंचविशीची एक बाई मनगट धरून आली. सोबत नवरा. मी तिला विचारले, "काय झालं?" उत्तर त्याने दिले, "मोरीत घसरली." तिने मान खाली घातली. तिच्या कानामागे निळा डाग होता. तो मला दिसला, आणि मोरीत पडून कानामागे असा डाग पडत नाही हेही मला कळत होते. पण बाहेर रांग होती, डॉक्टर एकच होते आणि मनात होते, नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला पडा मध्ये. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मीच सांगितले आणि कागदावर ओळ आली: मोरीत घसरून पडल्याचे रुग्ण सांगते. रुग्णाने तर तोंडच उघडले नव्हते.

पुढे मी नोकरी सोडली आणि बायांच्या कामात पडले. एका रविवारी विहारात महिलांची बैठक संपल्यावर एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. तिची कोर्टात केस चालू होती. मी कागद चाळू लागले आणि त्यात तो केसपेपर निघाला. नाव-पत्त्याचे अक्षर माझे होते. ती म्हणाली, "सिस्टर, त्यांच्या वकिलानं हाच कागद वाचून दाखवला. म्हणाला, बाई स्वतः सांगते घसरले म्हणून, मग मारलं कधी?"

तिने मला ओळखले नव्हते. मी तिला तिथेच सांगितले की हा कागद माझ्या हातचा आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, मीच बोलले नाही." तिने मला माफ केले, पण त्या ओळीने तिच्या तारखा वाढवल्या हे खरे. तिला वाचवले ते दुसऱ्या एका कागदाने. दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टरने नवऱ्याला "तुम्ही औषध घेऊन या" म्हणून बाहेर पाठवले होते आणि एकटीला विचारले होते. त्या कागदावर लिहिले होते: पतीने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते. अंगावर कुठे, किती लांबीचे वळ आहेत तेही लिहिले होते. कोर्टाने तो कागद पाहिला आणि तिला अंतरिम संरक्षण आदेश मिळाला.

म्हणून हा लेख आरोग्याच्या पानावर लिहिते आहे.

"मला त्यांना जेलात नाही टाकायचं"

बाया माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या आठ जणी पहिले वाक्य हेच बोलतात. "जेलात नाही टाकायचं, फक्त मार थांबला पाहिजे." त्यांना वाटते, तक्रार म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे अटक, अटक म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली, घर मोडले. म्हणून त्या काहीच करत नाहीत.

यासाठीच वेगळा कायदा आहे: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. या कायद्याखाली अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. कोर्ट त्याला लेखी हुकूम देते की आजपासून हिला मारायचे नाही, घराबाहेर काढायचे नाही, खर्च द्यायचा. हा हुकूम मोडला तर मात्र गुन्हा होतो. अर्जासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही आणि घटस्फोटही मागावा लागत नाही. ज्या ताईला नवऱ्याविरुद्ध गुन्हाही नोंदवायचा आहे ती तोही नोंदवू शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम 85 त्यासाठी आहे, पूर्वी ते 498-अ होते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात.

हा अर्ज फक्त बायकोच करू शकते असे नाही. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून सासरच्यांविरुद्ध, लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणारी बाई त्या पुरुषाविरुद्ध अर्ज करू शकते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले. त्यामुळे मारणारी सासू किंवा नणंद असेल तर तिच्याविरुद्धही दाद मागता येते.

मार म्हणजे फक्त हाताचा मार नव्हे

कायद्याने चार प्रकार मानले आहेत. शारीरिक: मारणे, ढकलणे, चटके देणे. लैंगिक: नको असताना जबरदस्ती, घाण प्रकार करायला लावणे. शाब्दिक आणि मानसिक: पोर होत नाही, मुलगीच झाली म्हणून टोचणे, सारखा संशय घेणे, "पोरांना घेऊन जाईन" अशी धमकी. चौथा प्रकार आर्थिक, आणि आपल्या वस्तीत तो सगळ्यात जास्त लपतो. धुण्याभांड्याचा पगार हातातून काढून घेणे, घरात किराणा न भरणे, बायकोच्या नावावर बचत गटाचे कर्ज उचलून आपणच उडवणे, तिचे दागिने विकणे, घराला कुलूप लावून तिला बाहेर ठेवणे, हे सगळे कायद्याच्या भाषेत हिंसाच आहे.

"दारू सुटली की मार सुटेल" असे आपल्यात फार म्हणतात. दारूने मार वाढतो हे खरे. पण तोच माणूस प्यालेला असताना मुकादमाला मारत नाही, पोलिसाला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. दारू सोडवण्याचे उपचार जरूर करा, पण ते होईपर्यंत मार खात राहायची गरज नाही.

आधी जीव, मग कागद

नर्स म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

गळा दाबला असेल तर बाहेरून डाग नसला तरी दवाखान्यात जा. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, श्वास अडकल्यासारखा वाटणे, डोळ्यांत लाल ठिपके येणे, थोडा वेळ शुद्ध हरपणे किंवा नकळत लघवी होणे, ही धोक्याची लक्षणे आहेत. आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा काही तासांनी, कधी दिवसांनीही जिवावर येते. ज्याने एकदा गळा दाबला तो पुढे जीव घेऊ शकतो, म्हणून ही गोष्ट डॉक्टरला आणि कोर्टाला न विसरता सांगा.

डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणे, झोप अनावर होणे, बोलणे अडखळणे, एक बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून पाणी वा रक्त येणे, यातले काही दिसले तर "सकाळी जाऊ" म्हणू नका. पोटात लाथ बसलेली गरोदर बाई, रक्त जात नसले तरी, बाळाची हालचाल तपासून घेतल्याशिवाय घरी राहू नये. थोबाडीत मारल्यावर कान गच्च झाला, कमी ऐकू येऊ लागले तर पडदा फाटलेला असू शकतो. त्यात तेल घालू नका. भाजले असेल तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

दवाखान्यात काय बोलायचे

डॉक्टरला घडले तेच सांगा: कोणी मारले, कशाने मारले, कधी, कुठे, याआधी किती वेळा. नवरा किंवा सासू सोबत असेल तर सिस्टरला हळूच म्हणा, "मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय." चांगली सिस्टर त्यांना काही कारण काढून बाहेर पाठवते.

अंगावरचे सगळे वळ दाखवा, जुनेही. कपड्याखाली असलेले दाखवायला लाजू नका, बाई डॉक्टर किंवा सिस्टर मागून घ्या. "एमएलसी करा" असे सांगा. एमएलसी म्हणजे कायद्याच्या कामी येणारी नोंद. त्याची माहिती पोलिसांकडे जाते. पोलीस जबाबाला आले तर तेव्हाही खरेच सांगा, कारण दोन कागदांवर दोन कारणे आली की समोरचा वकील त्यातच बोट घालतो.

काही ठिकाणी "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणतात. हे चुकीचे आहे. या कायद्याच्या नियमांत स्पष्ट आहे की आधी नोंद झाली नाही या कारणावरून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मागून घ्या आणि घरात ठेवू नका.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. मार खाऊन आलेल्या बाईशी दवाखान्यातच समुपदेशकाने बोलायचे, ही पद्धत तिथे बसली आणि नंतर दुसऱ्या रुग्णालयांतही गेली. तुमच्या दवाखान्यात असे केंद्र किंवा 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे का, ते विचारा.

अर्ज कुठे द्यायचा

तीन दारे आहेत. कुठल्याही एका दारातून गेलात तरी चालते.

पहिले दार संरक्षण अधिकाऱ्याचे. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते तुमचे म्हणणे ऐकून ठरलेल्या नमुन्यात कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार करतात आणि कोर्टात अर्ज देण्यास मदत करतात. निवारा आणि दवाखाना मिळवून देणे हेही त्यांचे काम आहे.

दुसरे दार पोलिसांचे. पोलिसांनी "हा घरगुती मामला आहे" म्हणून परत पाठवायचे नसते, या कायद्यातले हक्क सांगणे त्यांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला. तिथे समाजकार्य शिकलेले कार्यकर्ते बसतात.

तिसरे दार थेट कोर्टाचे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 खाली अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोणत्याही महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीच्या व्यक्तीलाही तसाच मिळतो. कोर्टाच्या इमारतीतच तालुका किंवा जिल्हा विधी सेवेचे कार्यालय असते. फोन 15100.

मारून हाकलले आणि तुम्ही माहेरी आलात, तर सासरच्या गावी खेटे घालायचे नाहीत. जिथे तुम्ही तात्पुरत्या का होईना राहता, त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज चालतो.

कोर्ट काय काय देऊ शकते

संरक्षण आदेश: मारहाण करायची नाही, तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा पोरांच्या शाळेत जायचे नाही, फोन-मेसेज करून त्रास द्यायचा नाही, तिचे दागिने-भांडी विकायची नाहीत, तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना धमकवायचे नाही.

निवासाचा आदेश: तिला घरातून काढायचे नाही, किंवा त्यानेच घराबाहेर जायचे, किंवा तिला दुसऱ्या खोलीचे भाडे द्यायचे. आपल्याकडे इथेच घोडे अडते. खोली सासऱ्याच्या नावावर, फोटोपास सासूच्या नावावर, नाहीतर भाड्याची. घर कुणाच्या नावावर आहे एवढ्यावरून बाईला बाहेर काढता येत नाही. ती त्या सामायिक घरात नात्याने राहत होती हे महत्त्वाचे. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. याने घर तुमच्या मालकीचे होत नाही, राहण्याचा हक्क मिळतो.

याशिवाय तिचा आणि पोरांचा खर्च, उपचाराचा खर्च, पोरांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई हेही याच अर्जात मागता येते.

पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी आणि अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा आणि त्यासाठी शपथपत्र जोडा. धोका मोठा असेल तर समोरचा हजर होण्याआधीही कोर्ट असा आदेश देऊ शकते. वकील विसरला तर तुम्ही आठवण करून द्या. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

लग्नाचा पुरावा

बौद्ध पद्धतीने, वस्तीतल्या विहारात किंवा मांडवात लग्न झाले आणि नोंदणी केली नाही, अशी कितीतरी जोडपी आहेत. समोरचा कोर्टात "ही माझी बायकोच नाही" म्हणतो तेव्हा धावपळ होते. लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्या संस्थेचा दाखला, फोटो, एकत्र नाव असलेले रेशनकार्ड, आधारवरचे नाव, पोरांचे जन्मदाखले, लग्नाला हजर असलेले साक्षीदार, यातले जे असेल ते गोळा करा. आणि ज्यांच्या घरात आता लग्न ठरले आहे त्यांनी नोंदणी लगेच करून घ्या. लग्नात डीजे आधी ठरतो, नोंदणी मात्र राहूनच जाते.

सासर दुसऱ्या जातीचे असेल आणि लोकांसमोर जातीवरून शिव्या दिल्या जात असतील, तर त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 वेगळा आहे. वकिलाला ते जरूर सांगा.

बॉण्डपेपर आणि कोर्टाचा आदेश

आपल्या वस्तीत मोठी माणसे बैठक घेतात. नवऱ्याकडून बॉण्डपेपरवर लिहून घेतात, "यापुढे मारणार नाही." चार लोक सही करतात, चहा होतो, बाईला परत पाठवतात. हेतू चांगला असतो. पण आठ दिवसांनी त्याने पुन्हा मारले तर त्या बॉण्डपेपरच्या जोरावर त्याला कोणी पकडत नाही.

कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला, अंतरिम असला तरी, तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. आदेश मोडला हे ठरवायला कोर्ट एकट्या बाईच्या साक्षीवरही विश्वास ठेवू शकते. "शेजारी साक्ष देत नाहीत" म्हणून घाबरू नका.

आदेशाची प्रत मोफत मिळते. एक पोलीस ठाण्यात जाते. तुमच्या प्रतीच्या झेरॉक्स काढून एक पर्समध्ये, एक माहेरी, एक विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा, फोटो फोनमध्ये ठेवा. आदेश मोडला की 112 लावा आणि पहिले वाक्य हे बोला: "माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडला आहे."

तो नवरा नसेल तर

एखादा पोरगा क्लासपासून घरापर्यंत मागे येतो, नको म्हटले तरी फोन-मेसेज करतो, इन्स्टाग्रामवर पाळत ठेवतो. त्याचे-तुमचे एका घरातले नाते नसेल तर वरचा कायदा लागत नाही. पण पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत आणि पुन्हा केला तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, तारीख-वेळ वहीत लिहा. हद्दीचे कारण सांगून पोलीस परत पाठवू शकत नाहीत, कुठल्याही ठाण्यात नोंद होते. आणि आईबापांनो, मुलीने हे घरी सांगितले तर तिची शाळा बंद करू नका. नाहीतर पुढची मुलगी घरी सांगणारच नाही.

निघण्याआधीची तयारी

बाई घर सोडते किंवा कोर्टात जाते, त्या दिवसांत धोका सर्वात जास्त असतो. म्हणून भांडणात "कोर्टात खेचते" अशी धमकी देऊ नका. आधी तयारी करा. एका पिशवीत आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, पासबुक, लग्नाचे आणि दवाखान्याचे कागद, पोरांचे दाखले, थोडे पैसे, रोजच्या गोळ्या आणि एक जोड कपडे भरून शेजारी किंवा बहिणीकडे ठेवा. शेजारणीशी खूण ठरवा. मार सुरू झाला की स्वयंपाकाच्या कोपऱ्यापासून दूर, दाराकडे सरका. मोठ्या पोरांना 112 शिकवून ठेवा.

शेजाऱ्यांसाठीही कायद्यात जागा आहे. हिंसा होत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. आपल्या वस्तीत भिंत पत्र्याची असते, पलीकडचे सगळे ऐकू येते. आवाज आला की टीव्ही मोठा करू नका. दार वाजवा, साखर मागायचे निमित्त करा. महिला मंडळाने संरक्षण अधिकारी, विशेष कक्ष आणि विधी सेवेचे स्थानिक नंबर काढून विहाराच्या फळ्यावर लावावेत. वंदनेला येणारी प्रत्येक बाई ते वाचेल, आणि फळा वाचायला कोणाला कारण सांगावे लागत नाही.

त्या ताईची केस संपली. ती त्याच खोलीत राहते आणि तो दुसरीकडे राहतो. मुलगी बारावीला आहे, म्हणते नर्सिंगला जाणार. मी तिला एवढेच सांगितले आहे: पेशंटचे कारण पेशंटच्याच तोंडून ऐकायचे, सोबत आलेल्याकडून नाही.

हे नंबर कापून ठेवा

तातडीची पोलीस मदत: 112
महिला हेल्पलाइन: 181
मुलांसाठी: 1098
मोफत कायदेशीर मदत: 15100